दुधापेक्षा सरस

भिंतीकडे पाहून जिला स्वयंपाकघर आठवतं अशी अख्ख्या पुण्यात एकच बाई आहे, आणि दैवयोगाने ती माझ्या बायकोची मावशी आहे. जुन्या भिंतीवर चित्र दिसलं की तुम्ही-आम्ही विचारतो, कुणी काढलं, कधी काढलं, हा हत्ती आहे की ढग. मावशी विचारतात, "कशात कालवलंय?" रंग म्हणजे त्यांच्या लेखी नुसती पूड, माती, काजळी, शेंदूर. तिला भिंतीशी धरून ठेवतं ते खरं कालवण. अंडं, दूध, डिंक, नाहीतर सरस. मोहरीहून लहान कण काढायचा, त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, यंत्रात ते तोलायचे आणि कोंबडी होती की गाय ते सांगायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेने त्यांना नारळ दिला. मावशींनी दुसऱ्या दिवशी तो तिथेच नेऊन फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि नेहमीच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटला बाल्कनी आहे, पण तिथे तुळस नाही. तिथे प्लास्टरच्या वड्या आहेत, प्रत्येकीवर वेगळ्या कालवणातला रंग फासलेला, आणि त्या वर्षानुवर्षं उन्हात म्हाताऱ्या होत पडलेल्या. शेजारच्या काकूंनी "यंदा सांडगे लवकर घातलेत?" असं कौतुकाने विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "हो, पण वाळायला अजून वीस वर्षं लागतील." कावळे अंड्याच्या वड्यांवर तुटून पडतात आणि डिंकाच्या वड्यांकडे ढुंकून पाहत नाहीत, मावशी त्याला प्राथमिक चाचणी म्हणतात, वीज न लागणारी. आमच्याकडे नाश्त्याला आल्या की अंड्याची ताटली मुद्दाम वाळू देतात. मग बायको तारेच्या घासणीने ती घासायला लागली की मागे उभ्या राहून म्हणतात, "घास, घास. निघतंय का बघ. आता कळलं ना, चित्रं टिकतात कशी?"

आणखी एक गोष्ट. मावशी विशेषणं वापरत नाहीत. विशेषण म्हणजे मोजलं नसल्याची कबुली, असं त्यांचं ठाम मत आहे. माझ्या लग्नात मला आपादमस्तक न्याहाळून त्या "उंची आहे" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यापलीकडे आजतागायत माझ्या पदरी काही पडलेलं नाही. एकदा सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: 'चौथ्या मजल्यावर काय शिजतं, याचा खुलासा व्हावा. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.' मावशींनी खाली पेनाने एकच शब्द लिहिला: 'सरस.' सुतार लाकूड चिकटवायला वापरत तो सरस, जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला. संध्याकाळी सेक्रेटरी भेटले. "अहो, सरस असेल हो, चवीबद्दल तक्रार नाही, पण वासाचं बघा काहीतरी!" मावशी घरी येऊन माझ्यावरच कडाडल्या, "मी नाम लिहिलं होतं, नाम! माणसं त्याचं विशेषण करतात!"

या मावशींना गेल्या फाल्गुनात धायरीपलीकडच्या एका गावातलं राममंदिर सापडलं. आत रामाच्या राज्याभिषेकाचं जुनं चित्र, कोपऱ्यात शेपटी उभारलेला मारुती. ड्रायव्हर अर्थातच मी. मावशींनी हाताच्या उंचीवरून, पोपडा सुटला होता तिथून, एक कण घेतला, तपासला आणि मंदिराच्या अध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, फोनवर कळवून टाकलं: दूध. मावशींना वाटलं, आपण माहिती दिली. गावाला वाटलं, साक्षात्कार झाला. वेशीवर फ्लेक्स लागला: 'दुधात रंगवलेला राम.' आणि अण्णांनी ठरवलं, एवढं पवित्र चित्र रामनवमीच्या आत लख्ख झालंच पाहिजे. अण्णांचं हमरस्त्यावर गाड्या धुण्याचं सेंटर होतं.

"काळजी करू नका, मॅडम. मशीन आपलंच हाय. डंपरचा चिखल निघतोय, ही तर नुसती धूळ. शाम्पूबी नाय वापरणार. निस्तं पाणी."

मावशी पुन्हा मंदिरात गेल्या, तेव्हा अभिषेक चालला होता. तो आटोपला आणि पुजारीबुवांनी पंचामृताचा हात सवयीने मागच्या भिंतीला पुसला. मावशींनी कण घेतला होता, बरोब्बर त्याच जागी. बुवांचे वडीलही तिथेच पुसत असणार, आणि आजोबाही. मावशींचा चेहरा वाळलेल्या वडीसारखा झाला. मग शिडी आली, ती धरायला मी आलो, आणि दुसरा कण मारुतीच्या शेपटीच्या टोकापासून घेतला गेला. तो तपासला, तर दुधाचा मागमूस नव्हता. होता तो सरस. आणि सरसाचं असं, की पाणी लागलं की तो सुटतो. एक फवारा, आणि राम, सीता, सिंहासन सगळं गटारात.

परत मंदिराकडे जाताना गाडीत मावशी म्हणाल्या, "सांगितलं तर कातड्याचं म्हणून खरवडून ऑइल पेंट मारतील. नाही सांगितलं तर धुतील."

"डिंक म्हणा," मी सुचवलं. "कोण तपासणार आहे?"

"जावईबापू, उतरायचंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. गाडी माझी होती.

मंदिरात अण्णा पाइप जोडून तयार होते. मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मागच्या वेळी मी दूध म्हटलं. ते भिंतीला पुसलेलं पंचामृत होतं. चूक माझी."

अण्णांचा चेहरा पडला. "म्हंजे दूध न्हाईच? आन् फ्लेक्स लावलाय की वो! मग कशात हाय म्हणायचं?"

मावशींनी एकदा रामाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सरस."

अण्णांचे डोळे लकाकले. "दुधापेक्षा सरस?"

मी मावशींकडे पाहिलं. लग्नपत्रिकेतला अनुस्वारही दुरुस्त करून परत पाठवणारी ही बाई. ओठ हलले, मिटले. शेवटी म्हणाल्या, "पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. एक थेंबही लागता कामा नये."

"बंद कर रे पाणी!" अण्णा गरजले. "दुधापेक्षा सरस हाय त्ये!"

बाहेर चपला घालताना बुवा हळूच जवळ आले. "सुताराकडचा ना?" मावशींनी मान डोलावली. "रामनवमीचा पाळणाही त्यानंच चिकटवलाय," बुवा म्हणाले. "रामाची कधी तक्रार नाही. आणि हात मी आता धोतराला पुसेन."

परतताना मी विचारलंच, "मावशी, ते नाम होतं की विशेषण?"

"मी नाम उच्चारलं," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "ऐकणाऱ्याची जबाबदारी माझी नाही."

अलीकडे मावशींचा हात कापतो. कण उचलायचं काम आता प्रयोगशाळेतली दुसरी माणसं करतात, आणि बाल्कनीतल्या वड्यांची वीस वर्षं कोण मोजणार, यावर घरात कुणी बोलत नाही. रविवारी त्या आमच्याकडे जेवायला येतात. परवा बायकोला बरं नव्हतं, म्हणून आमटी मी केली होती. मावशींनी भात कालवला, एक घास घेतला, डोळे मिटले. मला वाटलं, आता घटक सांगतील.

"सरस," त्या म्हणाल्या.

या वेळी मी काही विचारलं नाही. वाटीत आणखी आमटी वाढली.