दादाच्या उजव्या हाताची जागा

दादा गेल्याची बातमी आधी दाजींना कळली, मग मला. मी गडहिंग्लजहून येणाऱ्या एसटीत होतो, मोबाईलला रेंज नव्हती... पण सख्खा भाऊ मी, आणि पहिला फोन बहिणीच्या नवऱ्याला! रडू यायच्या आधी मला तेच खुपलं. दाजींच्या बाबतीत माझं हे असंच.

सुरुवात नव्वदच्या दशकातली. शाहूपुरीतल्या आमच्या गुळाच्या दुकानात गादीवर बसून दादा बशीत चहा ओतत होता, आणि चहा सगळा गादीवर. "दोन बशा दिसायल्यात की रं!" आम्ही हसलो. दादा हसला नाही. डॉक्टर म्हणाले, डोळा ठणठणीत आहे, पण डाव्या डोळ्याला बाहेरच्या बाजूला फिरवणारी नस काम करीत नाही. का, ते कुठल्याच तपासणीत सापडलं नाही. समोर आणि उजवीकडे नीट दिसायचं. डावीकडे नजर गेली की एकाचे दोन. तिकडचं बघायचं तर सगळं तोंडच वळवावं लागे.

मग गादीवरच्या जागा दादानं ठरवून टाकल्या. दाजी डावीकडे, मी उजवीकडे. झालं, माझा जळफळाट सुरू! दाजींनी नुसतं खाकरलं तरी दादा खांद्यासकट तिकडं वळायचा. माझ्याकडं फक्त बुबुळं सरकायची. एकदा मुद्दाम लवकर येऊन मी डावी बाजू पकडली, तर दादा गरजला, "ऊठ तिथनं! तुझी जागा हिकडं हाय." दाजी गालातल्या गालात हसले. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही... म्हणजे एक भाकरी कमी खाल्ली.

परवा वहिनींपुढं हे गाऱ्हाणं मांडलं. त्या बघतच राहिल्या.

"अवो भावजी, डावीकडं बसला की तुम्ही दोन-दोन दिसायचासा. ह्ये म्हणायचं, 'एकच भाऊ हाय मला, त्यो एकच दिसू दे. मान न वळवता, दिवसभर.'"

काल दुकान उघडलं. दादाच्या लोडाला अजून कोणी टेकत नाही. दाजी आले, आणि बोलता बोलता उजवीकडं बसले.

"दाजी, उठा तिथनं," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. "तुमची जागा तिकडं हाय."

ते उठले, डावीकडं जाऊन बसले. मधला लोड तेवढा मोकळा.