दुतियम्पि म्हणताना बाबा थांबले

सुनंदामावशी आज सकाळी गेल्या.
माझे बाबा अजून आहेत, ते त्यांच्यामुळे.

सख्खी मावशी नव्हे हं. मूळच्या वर्ध्याच्या, इथे लखनऊत सरकारी हॉस्पिटलात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या टेक्निशियन होत्या. गोमती नगरातल्या आमच्या रविवारच्या बुद्धवंदनेत त्यांची जागा ठरलेली, पंख्याखाली. त्या जागेवरून भांडायच्यासुद्धा.

बाबा अमौसी एअरपोर्टला नोकरीला होते. वंदना तेच घेत. त्रिसरण म्हणताना त्यांचा गळा हमखास भरून यायचा. मग ते थांबायचे आणि आम्ही डोळे मिटून वाट बघायचो. सवयच झाली होती सगळ्यांना.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी ते असेच दुसऱ्या फेरीत, 'दुतियम्पि'वर थांबले.

आम्ही डोळे मिटले.
मीसुद्धा. पोटची पोरगी असून.

पंख्याखालून मावशींचा आवाज आला, "अरे, डोळे कायले मिटता! हे रडणं नाही बाप्पा, भाऊंना श्वास पुरून नाही राहिला!"

ओठ निळे, अंगभर घाम. कुणीतरी त्यांना आडवं करायला धावलं, तर मावशी ओरडल्या, "झोपवू नका! बसवूनच न्या."

जवळच्या हॉस्पिटलात एक्स-रे बघून न्यूमोनिया म्हणाले. मावशी हटल्या नाहीत.
"डॉक्टर साहब, बुखार नहीं है, एकदम से हुआ है. पहले इको कीजिए."

इको झाला. हृदयाची झडप धरून ठेवणारा एक दोरा अचानक तुटला होता. रक्त उलटं फिरत होतं आणि फुफ्फुसांत पाणी भरत होतं.
ड्रिपमधून औषधं, हृदयाला आधार म्हणून मांडीतून आत सोडलेला फुग्याचा पंप, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. झडप बदलली. बाबा वाचले.

मावशी मला एवढंच म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवत जा माय."
तेव्हा राग आला होता. नंतर लाज वाटली.

आज त्यांच्या अंत्यविधीला वंदना बाबांनीच घेतली.
'दुतियम्पि'वर थांबले.

अख्खा घोळका धावला. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. माझी मुलगी, "नाना, लेटना मत!" मी तर त्यांची नाडीच धरली.

बाबांनी हात सोडवून घेतला.
"बसा रे सगळे. झडप ठीक आहे. मी रडून राहिलो."

मग रडू दिलं त्यांना.
डोळे मात्र कुणीच मिटले नाहीत.

मनापासून श्रद्धांजली, मावशी.
शेवटचा जयभीम.