काचेखाली दोन पिवळी बोटं

९ मार्च, रविवार, सकाळी साडेनऊ. कोपरी, खाडीकडची गल्ली.

हजर: मी (स्ट्रक्चरल इंजिनीअर, राहणार डोंबिवली). तांडेल सर (निवृत्त शिक्षक, याच गल्लीतले, आमच्या गटाचे प्रमुख). प्रज्ञा गायकवाड (आंबिवलीची, नोकरी बँकेत, गटात काम मोजमापं आणि फोटो). शिरसाट (महापालिकेचे ज्युनिअर इंजिनीअर, रविवार असूनही आलेले). जयवंतीबाई (घर नंबर सात).

गैरहजर: शिडी.

शिडीचं शेवटी सांगते.

आठ घरं बघून झाली होती. सात नंबर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण जयवंतीबाई सकाळी मासे घेऊन बाजारात बसतात आणि साडेनऊच्या आत परत येत नाहीत. ती वेळ माझ्या यादीत लिहिलेली असते. आमच्या गटात मला मागून ‘यादीबाई’ म्हणतात, हे मला माहीत आहे.

गल्लीत नऊ जुनी कोळी घरं आहेत. सागवानी खांब, विटा-चुन्याच्या भिंती, वर कौलं, पुढे जाळी विणायला ओटा. शेजारच्या दोन घरांत भिंत एकच. म्हणजे एक घर पाडलं की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा आधार जातो. आम्ही सात-आठ जण रविवारी फुकट काम करून ही घरं टिकवायचा प्रयत्न करतो. मागच्या पावसाळ्यानंतर नऊही घरांना नोटीस आली: इंजिनीअरचा रिपोर्ट द्या, नाहीतर घर धोकादायक धरलं जाईल.

धोकादायक इमारतींच्या पायऱ्या असतात. सी-वन म्हणजे रिकामं करा आणि पाडा. सी-टू-बी म्हणजे माणसं आत राहू देत, दुरुस्ती करा. जयवंतीबाईंना या पायऱ्या पाठ होत्या. सी-वन झालं तर त्यांना शहाडजवळ चौथ्या मजल्यावर खोली मिळणार होती. “चौथ्या माल्यावर मी सुकट कुठं सुकवू? गॅलरीत?” हा प्रश्न त्यांनी मला निदान दहा वेळा विचारला होता.

सगळा प्रश्न भेगांचा होता. भेग जुनी आणि थांबलेली असेल तर ती बुजवून मोकळं होता येतं. ती अजून वाढत असेल, तर भिंत हलते आहे. डोळ्यांनी बघून हे कळत नाही. त्यासाठी आम्ही टेल-टेल लावतो. नाव मोठं, वस्तू साधी: पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला घट्ट बसवायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. प्रत्येक काचेवर नंबर आणि तारीख लिहायची, आणि वाट बघायची. मी सहा आठवड्यांपूर्वी नऊ घरांत नऊ काचा लावल्या होत्या. प्रज्ञा दर रविवारी माझी यादी घेऊन फिरत होती. यादीत एकच प्रश्न: काच फुटली का? हो किंवा नाही.

नऊच्या नऊ ‘नाही’ होत्या. म्हणून तर शिरसाट आले होते.

जयवंतीबाई टोपली ओट्यावर ठेवून आत आल्या. भिंत नवीकोरी निळी दिसत होती. मुलीचं लग्न झालं हे आम्हाला ठाऊक होतं, रंग होणारच. काच जागेवर होती, अखंड. शिरसाटांनी लांबूनच बघितलं आणि फॉर्म काढला.

“छान. नऊही सी-टू-बी करून टाकतो, मॅडम. दुरुस्तीची यादी तुम्ही द्या.”

“यादी तयार आहे,” प्रज्ञा म्हणाली. “यांच्याकडे यादी नाही असं कधी होतं का?”

तांडेल सर हसले. मी सवयीनं काचेजवळ गेले, नंबर बघायला. नंबर बरोबर होता, तारीख बरोबर होती. पण काचेतून भेग दिसायला हवी होती, ती दिसत नव्हती. काचेखाली निळा रंग होता, आणि त्या रंगावर दोन पिवळी बोटं.

उरलेला हात काचेच्या खालच्या बाजूला, उघड्या भिंतीवर होता. हळदीत बुडवून भिंतीवर उमटवलेला, पाचही बोटं पसरलेला पंजा.

“जयवंतीबाई, ही काच कुणी काढली होती?”

“मीच.” त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “पोरीची हलद व्हती ना. भितीला पुट्टी भराची, रंग माराचा व्हता. काच मंगं सुरीनं अलगद काढली, फुटू नाय दिली. हलद झाल्यावर दुसरे दिशी परत लावली. सरल बगा कशी बसलीय! तुमच्यापेक्षा सरल.”

“कशानं चिकटवली?”

“खल केली ना. कणकेची.”

खळीनं चिकटवलेली काच भिंत हलली तर सरकते. फुटत नाही. सात नंबरच्या यादीतल्या शेवटच्या तीन नोंदींना काही अर्थ उरला नव्हता.

प्रज्ञाचा चेहरा उतरला. “मी दर रविवारी बघत होते. काच फुटली नव्हती.”

“तू बरोबर लिहिलंस,” मी म्हटलं. “प्रश्न मी अर्धा विचारला.”

शिरसाट खिडकीशी फॉर्म भरत होते. त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं. तांडेल सर माझ्याजवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “बाई, पेन चाललंय. चालू दे.”

“सर, खाली सही माझी असणार.”

“सही तुमची, घर तिचं.”

मी इतकंच म्हणाले की हे घर पावसाळ्यात बसलं, तर आत जयवंतीबाई असतील, आणि दोन्हीकडचे शेजारीही. सरांनी माझ्याकडे पाठ केली आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी शिरसाटांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन बंद केलं.

“मग हे घर सी-वनला पाठवू?”

“वन म्हंजे पाडाचा?” जयवंतीबाईंनी मला विचारलं. माझ्याच तोंडून त्यांना हे शब्द पाठ झाले होते. “मी काच जपली म्हणून?”

मी म्हटलं, “पाच मिनिटं द्या.”

घाबरल्यावर मी यादी करते. तीही मनात केली. एक: काच जयवंतीबाईंनी काढली तेव्हा ती अखंड होती. म्हणजे हळदीपर्यंतचे तीन आठवडे भिंत हलली नव्हती. दोन: हळदीनंतरच्या तीन आठवड्यांचा साक्षीदार कोण?

साक्षीदार समोरच होती, पुट्टी. पुट्टी वाळली की कडक होते, ताणली तर लगेच चिरते. खाली भेग सरकली असती, तर वरच्या पुट्टीवर केसासारखी रेघ उमटलीच असती. मी बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपा उजेड टाकला. तिरप्या उजेडात बारीक रेघेचीही सावली पडते. भेग सुरू होते त्या खिडकीच्या कोपऱ्यापासून वर हात पोचला तिथपर्यंत बघितलं. शिरसाटांनी चष्मा पुसून बघितलं. प्रज्ञानं मोबाईलनं जवळून फोटो काढून मोठे करून बघितले.

रेघ नव्हती.

“भिंत थांबलेली आहे,” मी म्हणाले.

“असेल. पण मॅडम, मी फाईलमध्ये काय लिहू? कणकेच्या खळीवरून निष्कर्ष?” शिरसाट माणूस वाईट नव्हता. त्यांनी फॉर्म पुन्हा उघडला. “आठ घरं सी-टू-बी. सात नंबर प्रलंबित. नवीन काच लावा, आणखी सहा आठवडे बघा. तोवर मी ते वन करत नाही. पावसाच्या आधी रिपोर्ट पाहिजे.”

जाताना ते दारात थांबले. “मघाशी तुम्ही बोलला नसता, तर मला कळलं नसतं.”

“कळलं नसतं,” मी म्हटलं.

आता काम सोपं होतं. पुट्टी तीन-चार इंच खरवडायची, भेग उघडी करायची, नवी काच बसवायची. काच माझ्या पिशवीत होती, प्लास्टर होतं, खरवडायची पत्रीही होती. मी पत्री भिंतीला लावली आणि जयवंतीबाईंनी माझं मनगट धरलं.

“तिथं नको, बाय. तो माझे पोरीचा हात हाय.”

पोरगी लग्न होऊन गुजरातच्या किनाऱ्याला गेली होती. भेगेवरचा हाताला येण्यासारखा सगळा भाग त्या पंज्यानं व्यापला होता. खरवडलं तर दोन बोटं तर जाणारच, कदाचित तिसरंही.

मी नियमानं विचार केला. टेल-टेल भेगेवर कुठेही लावता येते, फक्त जागा माझ्या नोंदीत हवी. भेग पंज्याच्या वर, छपराखालच्या आडव्या लाकडी पाटापर्यंत जाते. तिथं काच बसेल. तिथं कुणाचा हात पोचणार नाही, सुरी पोचणार नाही, आणि पुढच्या हळदीला रंगही पोचणार नाही. खरं तर मी पहिल्या दिवशीच तिथं लावायला हवी होती. त्या दिवशीही शिडी नव्हती, म्हणून सोयीच्या उंचीवर लावली.

गल्लीत शिडी एकच आहे, तांडेल सरांची. मी ओट्यावर गेले.

“सर, शिडी?”

“भाच्याकडे आहे.” सर खाडीकडे बघत होते. “या आठवड्यात शिमगा. आमच्याकडे शिमग्यात कोणी कामाला हात लावत नाही. नंतर बघू.”

“नंतर म्हणजे कधी?”

“तुमच्या यादीत लिहून ठेवा ना.”

मी लिहून ठेवलं. निघताना जयवंतीबाईंनी मला पिशवीभर सुके बोंबील दिले आणि खळीची काच सोलून परत दिली. एवढी जपून सोलली की खालची दोन्ही बोटं शाबूत राहिली. रिक्षात बसल्यावर मी यादीत तपासणीचे दोन नवे प्रश्न घातले. काचेतून भेग दिसते का? घरात लग्न आहे का? वीस वर्षं हे काम करते आहे. दुसरा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण कोपरीत काम करायचं तर तो पहिला हवा.

शिमगा होऊन गेला. त्यानंतर दोन रविवारही गेले. सर भेटतात, चहा पाजतात, बाकी आठ घरांच्या दुरुस्तीचं बोलतात. सहा आठवडे मोजायला सुरुवात झालेली नाही आणि पाऊस काही सरांच्या ‘नंतर’साठी थांबणार नाही.

आजच्या यादीत एकच ओळ टिक न पडता उरली आहे.

घर नंबर सात, काच, पंज्याच्या वर. शिडी: तांडेल सर.