थाळ्यांविरुद्धची तक्रार

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी उत्तर नागपुरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो.

कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ तक्रार घेऊन आला. सरकारी कचेरीत नोकरी, बोलणं अदबीचं. त्याच्या इमारतीतल्या बायका त्याच्या घराखाली थाळ्या बडवतात, असं त्याचं म्हणणं होतं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज नाही साहेब. मी टीव्हीचा आवाज जरा वाढवला का सुरू होतात. जगणं मुश्किल करून टाकलं."

ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून मोकळा होणार होता. मी त्याला थांबवलं. छळायचंच असेल तर माणूस रोज छळतो. या बायका टीव्हीची वाट का पाहत होत्या? मला चैन पडेना. महिला हवालदार आणि एका शिपायाला घेऊन मी स्वतःच गेलो.

जरीपटक्याच्या बाजारामागची दुमजली इमारत. खालच्या ओट्यावर चार-पाच बायका अंबाडीची भाजी निवडत होत्या. मधल्या बाईला सगळ्या काकू म्हणत होत्या.

"थाळ्या काहून वाजवता?" मी विचारलं.

"भजन करून राहिलो, साहेब."

"कोणाचं?"

काकूंनी अंबाडीची पुढची जुडी ओढली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी धमकावून पाहिलं, गोडीत विचारलं, उपयोग शून्य. अट्टल चोरसुद्धा थोडा वेळ गेला की काहीतरी बोलतो. या बायका माझ्याकडे पाहत होत्या, आणि मधूनच वरच्या मजल्याकडे.

म्हणून मी वर गेलो. तक्रारदाराने खुर्ची दिली. त्याची बायको पाणी ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून.

"टीव्ही लावा," मी म्हणालो. "नेहमी लावता तेवढ्या आवाजात."

त्याने हळू आवाजात लावला. मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवत गेलो. खाली थाळ्या सुरू झाल्या.

"पाहा साहेब, पाहा," तो विजयी चेहऱ्याने म्हणाला.

मी स्वयंपाकघराकडे पाहत होतो. त्याच्या बायकोने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते आणि ती भिंतीला चिकटून खाली बसली होती. तिला कोणी बोटही लावलेलं नव्हतं.

मी त्याला शिपायासोबत खाली पाठवलं. हवालदार तिच्याजवळ फरशीवर बसली. बाईने डोक्यावरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "आधी थो टीव्ही बंद करा, मंग सांगते."

तिने सांगितलं. मारताना ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून तो आवाज वाढवायचा. तक्रार केलीस तर पोटची मुलगी पुन्हा दिसणार नाही, ही धमकी होती. जबाब झाला, वैद्यकीय तपासणी झाली, गुन्हा नोंदवून त्याला अटक केली. मुलगी आईबरोबर कळमेश्वरला मामाकडे गेली.

त्या संध्याकाळी तिथून निघताना मी काकूंना विचारलं, "मला आधीच का सांगितलं नाही?"

"तिनं आमाले पोरीची शपथ घातली होती, पोलिसाले सांगाचं नाही. मंग आमी सांगतलं नाही, वाजवलं. वाजवलं का त्याचा हात थांबे." अंबाडीची पानं पदरातून झटकत त्या म्हणाल्या, "अन् एक दिवस थोच तुमच्याकडे येईन, हेबी मालूम होतं."

नोकरीत मी अनेकांना बोलतं केलं, याचा मला अभिमान होता. या बायकांनी एक शब्द न बोलता आरोपीला स्वतःच्या पायांनी ठाण्यात पाठवलं होतं. गोंगाट कोण करतं एवढंच विचारून पोलिसाचं भागत नाही, त्या गोंगाटाखाली काय दडलंय तेही ऐकावं लागतं, हे मी त्या ओट्यावर शिकलो.

आजही शेजारी कुठे टीव्हीचा आवाज एकदम वाढला, की मी आमचा बंद करून कान देतो. तोवर बायको स्वयंपाकघरातून थाळी घेऊन दारात आलेली असते.