पंप बंद, बिडी चालू

काय सांगायचं, राव! अकलेचे तारे मी नेहमीच तोडतो. पण बंगळुरात, पीण्या नावाच्या भागात, भर रस्त्यात, ट्रकखाली झोपून तोडले ते ऐकाच. हसा, पण चहा सांडू नका.

मेव्हणीचा साखरपुडा होता, येलहंक्याला. सासरेबुवांचा केटरिंगचा धंदा यशवंतपूरला. त्यांच्या जुन्या, पेट्रोलवरच्या छोट्या ट्रकात बासुंदीची पिंपं चढवली, मी सीटखाली लॅपटॉपची बॅग कोंबली आणि निघालो. हो, साखरपुड्याला लॅपटॉप! आयटीवाला माणूस मयतालासुद्धा तो घेऊन जातो.

पीण्यात चहाला थांबलो. परत बसलो, तर ट्रक सुरूच होईना.

वर ऊन, मागे बासुंदी. बासुंदी नासली की वरपक्षासमोर सासऱ्यांचं नाक कापलं जाणार. ते घामाघूम झाले आणि मला मात्र स्फुरण चढलं. इंजिनियर जावई काय उगाच केलाय?

"मामा, तुम्ही फक्त किल्ली फिरवा!" मी ट्रकखाली शिरलो आणि टाकीला कान लावला. किल्ली फिरवली की आतला पंप घुंई करायला हवा.

चिडीचूप!

"पंपाला करंटच येत नाहीये!" मी खालून निकाल दिला. फ्यूज बघितला, धडधाकट. मग टाकीजवळच्या वायरी ओढायला लागलो.

"अहो जावईबापू, स्वल्प ऐका..."

"मामा, इलेक्ट्रिकलमध्ये तुम्ही बोलू नका!"

वरून आवाज आला, "जावईबापू, बिडी!"

मी हादरलो. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस! माझ्यासमोर बिडी मागतोय? तेही पेट्रोलच्या टाकीवर बसून?

"मामा, इथे नको! भडका उडेल!"

"म्हणून तर म्हणतोय, बिडी! आधी बाहेर या!"

बघ्यांची गर्दी जमली. सासरे कळवळून ओरडतायत, "बिडी हो, बिडी!" मला भरून आलं. टेन्शन माणसाला कुठे नेतं बघा! सासूबाईंना कळू द्यायचं नाही असं ठरवलं, बाहेर आलो आणि धावत जाऊन कोपऱ्यावरून बिडीचं बंडल आणि काडेपेटी आणली.

येतो तर काय, ट्रक सुरू!

"कसा काय?" मी विचारलं.

सासऱ्यांनी मला जवळ ओढलं. "गाडी कोणी पळवू नये म्हणून सीटखाली चोर बटण आहे. दाबलं की पंपाचा करंट बंद. चहानंतर बसताना तुम्ही बॅग आत सारलीत, ती त्याच्यावरच बसली होती."

"मग सांगायचं नाही का?"

"चोर बटण कुठे आहे ते चार लोकांत ओरडून सांगू? आणि तुमचा हात वायरीत असताना चालू करू? म्हणून तर म्हटलं, बिडी."

"आणलीय ना!" मी बंडल पुढे केलं.

त्यांनी बंडलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग आभाळाकडे.

"अहो, बिडी म्हणजे सोडा! राहू द्या! कन्नड आहे ते! तीन पिढ्या बंगळुरात काढल्यावर तोंडात येणार नाही का?"

पुण्याहून येऊन इथे संसार थाटला, पण कन्नडचं म्हणाल तर मला 'सरी' आणि 'गोत्तिल्ला' एवढंच येतं. सरी म्हणजे बरं आणि गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही. ऑफिसात तेवढ्यावर भागतं, हो!

पोहोचलो. बासुंदी वाचली, माझी अब्रू तेवढी नासली. ग्रीसने माखलेला शर्ट घेऊन मी कोपऱ्यात उभा राहिलो, तर नागपूरहून आलेले नवरदेवाचे काका नेमके माझ्याकडे बोट दाखवून सासऱ्यांना विचारतात, "हे मोठे जावई ना? काय करतात?"

सासऱ्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "बिडी!"

आणि माझ्या खिशातून बंडल डोकावत होतं.

तेव्हापासून काकांचा दर सणाला फोन येतो. "काय जावईबापू, यंदा तेंदूपत्ता महाग झाला म्हणे. धंदा कसा काय?"

मी म्हणतो, "सरी."