लाँचच्या नळाचा शेंदूर

नव्या दवाखाना-लाँचची तोटी उघडली आणि पाण्याबरोबर केशरी ओघळ आला. मी लगेच तोटी बंद केली.

"नामदेवराव, जोडांना काय लावलंय?"

"शेंदूर! ताग गुंडाळून वर शेंदूर थापलाय. थेंब गळायचा न्हाई," आमचे फिटर छाती पुढे काढून म्हणाले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मुळशी धरणापलीकडच्या गावांना रस्ता नव्हता. डॉक्टर आणि सिस्टर लाँचनं जाणार, आणि तान्ह्या मुलांचं भुकटीचं दूध लाँचवरच्या टाकीच्या पाण्यात कालवणार. लाँच पास करायचं काम माझं.

शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी. तेलात कालवून पाइपच्या आट्यांना लावायची, ही फिटर मंडळींची जुनी रीत. डिझेलच्या लाइनला ठीक. पिण्याच्या पाण्यात मात्र शिसं उतरतं, आणि शिसं हे विष.

नामदेवराव भडकले. "आवो सायेब, द्येवाला लावतो आमी! त्यो इखारी कसा आसंल?"

"देव तो पीत नाही."

"मंग पयला गिलास मी पितो. बगा काय हुतंय."

"काहीच होणार नाही. ते लगेच दिसत नाही, अंगात साठतं. लहान पोरांच्या मेंदूवर जातं. तुमची नात पलीकडच्याच गावात ना? वरच्या दुधावर?"

नामदेवरावांनी तोटीकडे नेलेला ग्लास मागे घेतला.

आमच्या वर्कशॉपच्या मॅनेजरसाहेबांना उद्घाटनाची घाई. "अहो, पाणी उकळून घेतील की!"

"उकळून जंतू मरतात, साहेब. शिसं मरत नाही."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"लाँच तयार नाही म्हणून सांगा." मला खरंच राग आला होता. फीत कापायला पाहुणा कधीही मिळतो.

साहेब पुटपुटत फोनकडे गेले. नामदेवरावांनी न सांगता पाना उचलला आणि सगळे जोड उकलले. पितळी तोटीही मी काढायला लावली, पितळेतही थोडं शिसं असतं. पुण्याहून डेअरीत वापरतात तसली स्टीलची फिटिंग आणली. आट्यांवर शेंदराऐवजी पांढरी टेफ्लॉन टेप.

"ही रिबीन पानी आडवनार व्हय?" नामदेवरावांनी विचारलं. तिनं अडवलं.

पहिल्या फेरीत सिस्टरनं त्यांच्या नातीची बाटली त्याच तोटीखाली भरली. उरलेला शेंदूर नामदेवरावांनी धक्क्यावरच्या म्हसोबाला लावला. "ह्येला पचतंय," म्हणाले.

तेव्हापासून जोड गळत नाही एवढ्यावर मी कुठलीच टाकी पास केली नाही. जोडातून पाण्यात काय उतरतं, ते आधी विचारतो.