न दाखवलेले बोअर

मी बोअरवेलचा एजंट आहे. गाड्या तामिळनाडूच्या, त्यावरची माणसंही तिकडचीच. गिऱ्हाईक गाठून द्यायचं, काम चालू असताना जागेवर उभं राहायचं आणि फुटामागं आपला वाटा घ्यायचा, एवढा माझा धंदा. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत वीसेक वर्षं हेच करतोय. जमिनीखालचं मला कळतं असं लोक धरून चालतात. मला कळतं ते इतकंच: काळा दगड फुटताना करडी धूळ येते, तांबडा थर लागला की ती लाल होते आणि पाणी लागलं की तिचा चिखल होतो. बाकी सगळं बोलण्याचं काम.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, मला घरी बोलावून घेतलं. त्यांचं रान मंचरच्या पुढं. डिंभ्याचा कालवा खालच्या अंगानं जातो, त्यांच्या बांधाला काही येत नाही. रस्त्याकडेचा एक तुकडा बायपासमध्ये गेला आणि त्याचे पैसे ताईच्या आणि दाजींच्या नावावर बँकेत पडून होते. ते कुठं घालायचे, हा विषय होता.

दाजींनी आधीच एका कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. सोनं शोधणारी कंपनी. काढणारी नव्हे, शोधणारी; हा फरक त्यांनीच मला समजावला. कंपनीनं अजून गुंजभर सोनं बाहेर काढलेलं नव्हतं, तरी शेअर दुप्पट झाला होता.

"सोनंच नाही, तर भाव कशाचा वाढतोय?" मी विचारलं.

"पावणं, सोनं निघाल्यावर तर कुणीबी घेईल. आपण आदी घ्यायचं. त्यातच तर गंमत हाय."

त्यांचे मित्र, खताचे दुकानदार, शेजारी बसले होते. त्यांनीही घेतले होते. ते म्हणाले, "साडेचारशे मीटर खाली गेलेत, राव. एवढं खोल गेल्यावर कोण मोकळ्या हातानं परत येतंय?"

"आमच्या बोअरला पण असंच वाटलं व्हतं," दाजी म्हणाले आणि दोघं खळखळून हसले. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

मग दाजींनी मोबाईल माझ्या हातात दिला. कंपनीनं शेअर बाजाराला कळवलेला कागद होता. "तुमी बोअरवाले. तुमाला कळतं. वाचा आन् सांगा. तुमी हो म्हणलं की सोमवारी बायपासचे सगळे टाकतो."

इंग्रजी माझं बेताचं, पण तो कागद मला सहज वाचता आला. शेजारच्या चालू खाणीसारखाच दगड इथंही आहे, असं पहिल्याच ओळीत होतं. मी गिऱ्हाइकाला म्हणतो, तुमच्या शेजाऱ्याला दोन इंच पाणी आहे. पुढं लिहिलं होतं, चालू बोअरमध्ये रंग बदललेला पट्टा लागला आहे, तपासणीचा निकाल यायचा आहे. खाली आधीच्या बोअरचा तक्ता होता. बोअर नंबर चार, नऊ, अकरा, सोळा. चारही बोअरमध्ये थोडंफार सोनं दाखवलेलं. एक, दोन, तीन कुठं गेले? पाच ते आठचं काय झालं?

कागद खोटा होता असं नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नसावं. पण तसा कागद मी स्वतःही लिहिला असता.

"काय म्हणता?" दाजींनी विचारलं.

"बरा दिसतोय," मी म्हणालो.

"पावण्यांनी पास केलं!" दुकानदारांनी टाळी दिली.

का नाही बोललो, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी दाजींच्या रानात बोअर मीच घेतला होता. तीनशे फुटांवर गाडीवाल्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. थांबू या, असा त्याचा अर्थ. तेवढ्यात लाल धूळ यायला लागली. मी चिमूटभर उचलली, दाजींच्या तळहातावर ठेवली आणि म्हणालो, "दाजी, रंग बदलला. पाणी जवळ आलंय." त्या पट्ट्यात तांबडा थर सगळीकडंच लागतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणखी अडीचशे फूट गेलो. प्रत्येक फुटाला माझा वाटा होता. दुपारी ताईनं गाडीवरच्या सगळ्यांना पंगत करून जेवू घातलं. बोअर कोरडा गेला. मी नशिबाला बोल लावला आणि त्यांनी माझीच समजूत काढली.

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली आणि मंचरला गेलो. दाजी टोमॅटोची बांधणी करत होते. मीही सुतळीचा गुंडा घेतला आणि समोरच्या सरीत उभा राहिलो.

"दाजी, त्या तक्त्यात मधले नंबर नाहीत."

"देतील की मागनं."

"चांगलं लागलेलं कुणी मागं ठेवत नाही."

"तुमाला काय म्हाईत?"

"मी गिऱ्हाइकाला मागं बसवून फिरवतो ना, तेव्हा पाणी लागलेलेच बोअर दाखवतो. कोरड्यावरनं गाडी नेत नाही."

ते हसले. "लई हुशार तुमी." दोन झाडं बांधून झाली. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला.

"आपल्या बोअरला तांबडी धूळ आली व्हती. तुमी माझ्या हातावर दिली व्हती."

"हो."

"तवा पाणी जवळ व्हतं का?"

"नव्हतं. गाडीवाला तीनशेलाच थांब म्हणत होता."

शिव्या खायची माझी तयारी होती. दाजींनी सुतळी दातानं तोडली, गाठ मारली आणि शांतपणे विचारलं, "मग आज खरं बोलताय कशावरून?"

मी पुढच्या झाडाला सुतळी गुंडाळायला लागलो.

"कुण्या प्लॉटवाल्याकडं माझं पैसं वळवायचं ठरलंय का? तुमचा वाटा किती त्यात?"

मी ताईची शपथ घेतली. "तिला मधी आणू नका," ते म्हणाले आणि पुढच्या सरीत गेले.

पैसे वाचले ते दाजींनी माझं ऐकलं म्हणून नाही. त्यांच्या घरी जाऊन मी ताईलाही सगळं सांगितलं. सोमवारी तिनं बँकेच्या कागदावर सही द्यायचं नाकारलं. दोघांच्या सहीशिवाय पैसे हलत नव्हते. दाजींचे आधीचे शेअर मात्र तसेच राहिले.

नंतर शेअर वाढतच गेला. दाजी रोज मला शेअरच्या भावाचा फोटो पाठवायचे. खाली एक अक्षर नाही. भाऊबीजेला मी गेलो तर ताईनं ओवाळलं आणि दाजी रानातून आलेच नाहीत. बायपासचे पैसे घातले असते तर किती झाले असते, हे खताच्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं. मी गिऱ्हाईक घेऊन तिथून गेलो की कुणीतरी म्हणायचं, "या, तज्ज्ञ आले."

आता मला जे लिहायचं आहे ते हे. माझा त्या कंपनीत एक शेअर नाही. तरी सकाळी उठल्यावर मी पहिला तिचा भाव बघतो. वाढला की कपातला चहा तसाच राहतो. उतरला की चहा गोड लागतो. कंपनीचा नवा कागद आला की त्यात काय लपवलंय ते शोधत बसतो. दाजींच्या काळजीपोटी बघतो, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगितलं.

गेल्या आठवड्यात शेअर लागोपाठ दोन दिवस आपटला. दाजींचा फोटो आला नाही. मी ताईला फोन लावला.

"दाजी कसे आहेत?"

"रानात गेलेत. का रं?"

"काही नाही, असंच."

"भाव पडला म्हणून तुला बरं वाटतंय का?"

"छे, काहीतरीच काय."

"खरं सांग."

"वाटलं थोडं," मी म्हणालो.

"वळखलंच व्हतं मी," ती म्हणाली. "ह्ये त्यांना सांगू नको. त्यांचं आदीचं पैसं आजून त्यातच हायेत."